ताटाखालची नोट

१२ जानेवारी

ठोंब्या,

पोचले सुखरूप. गाडीत खिडकीची जागा मिळाली, शेजारची बाई बोलकी नव्हती, त्यामुळे सगळा रस्ता तुझ्यावर मनातल्या मनात चिडण्यात छान गेला. फोन केला असता, पण फोनवर तू ओरडतोस, मला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते ‘तत्त्व, तत्त्व’ एवढंच. पत्रातून रागावलं की तुला मधेच तोंड घालता येत नाही.

अरे, मी ताटाखाली एक नोट ठेवली. माझी, माझ्या पर्समधली. ती तू सगळ्या हॉटेलासमोर उचललीस, घडी उलगडून उजेडात धरलीस आणि माझ्या हातात परत कोंबलीस. वर काय म्हणालास? ‘आमच्याकडे ही पद्धत नाही.’ आमच्याकडे म्हणजे कोणाकडे रे? शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला माझ्याकडे बघायला. आणि तो तुझा वेटर, ज्याला सगळे ‘आलोच’ म्हणतात, कारण हाक मारली की ‘आलोच!’ म्हणतो आणि मग सवडीनं येतो, तो बिचारा ताटं हातात घेऊन भिंतीकडे बघत उभा राहिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी सगळी हयात दुसऱ्याच्या पार्लरमध्ये बायकांचे केस कापले, हे तुला माहीत आहे. पगारात घरभाडं भागायचं. तुझ्या भाच्यांच्या फिया, बूट, चष्मे हे सगळं जाता जाता हातात सरकवलेल्या नोटांवर झालं. ज्या बायका आरशात बघून ‘वा, काय सुंदर कापलेत!’ म्हणायच्या आणि नुसत्याच निघून जायच्या, त्यांची तोंडं मला अजून आठवतात. माझा भाऊ त्यांच्यातला निघाला!

असो. काय ते मी माझ्या परीनं बघून घेतलं. आणि हल्ली जिना चढताना तू कठडा इतका घट्ट का धरतोस?

ताई


१९ जानेवारी

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात चहा गार झाला, तेवढं नुकसान तुझ्या नावावर.

कठडा धरण्यासाठीच असतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, रोज फिरायला जातो.

आता मुद्द्याचं. मी वजनमाप खात्यात तपासनीस होतो, हे तू सोयीनं विसरतेस. मी दुकानात शिरलो की लोक तराजू लपवायच्या आधी माझा हात शोधायचे. ‘साहेब, चहापाण्याचं.’ घडी केलेली नोट, तीही टेबलाखालून. ज्यानं दिली त्याच्या मापात खोट, हे ठरलेलं. मी घेतली नाही म्हणून माझ्या बदल्या झाल्या, सामान बांधून बांधून तुझ्या भावजयीची कंबर मोडली, पण घेतली नाही. अशा माणसासमोर तू ताटाखाली घडी करून नोट ठेवतेस आणि वर त्यानं गप्प बसावं म्हणतेस!

वेटरला पगार मालकानं द्यायचा. गिऱ्हाईक टिपा द्यायला लागलं की मालक पगार वाढवत नाही, वेटर ज्याच्या त्याच्या खिशाकडे बघत बसतो, आणि दोन नोटा टाकणारा प्रत्येक जण स्वतःला राजा समजायला लागतो. हे मी आलोचलाही समजावून सांगितलंय. त्याला पटलंय. निदान तो मान तरी हलवतो.

बायको गेल्यापासून मी तिथं जेवतोय. टिपा देणाऱ्यांना तो साहेब म्हणतो, मला काका म्हणतो. सूप गार आणलं तर मी त्याला झापतो, मी चष्मा वर घरी विसरलो तर तो मला झापतो आणि मेनू मोठ्यानं वाचून दाखवतो. आमचं नातं बरोबरीचं आहे. तू त्यात नोट घालू नकोस.

भाऊ


२५ जानेवारी

ठोंब्या,

बरोबरीचं? मग एकदा तरी त्याला बसवून तू त्याला सूप वाढलंस का?

नोकरीत नोट घेतली नाहीस, उत्तम केलंस. मी शेजारणींना अजून अभिमानानं सांगते. पण न घेणं वेगळं आणि न देणं वेगळं. न घेण्यात सचोटी असते, न देण्यात नुसते पैसे वाचतात. आणि मान हलवण्याचं म्हणशील तर आम्हीही पार्लरमध्ये हलवायचो. कात्री हातात असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

घे! बघ तुझ्या टिपा काय करतात ते. मी सांगत होतो तेव्हा तुला मी चिक्कू वाटत होतो.

त्या हॉटेलात गल्ल्याशेजारी एक पत्र्याची पेटी आहे. झाकणाला फट आणि वर कुलूप. कोणीही कुठल्याही वेटरला काहीही दिलं तरी ते पेटीत टाकायचं, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आचारी, झाडूवाला, भांडी घासणाऱ्या मावशी, ज्यांचं तोंडसुद्धा गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यांचाही त्यात वाटा. नियम कामगारांनीच केलेला आहे. जो लपवेल तो बाहेर.

तर धुवायला न्यायच्या एप्रनमध्ये मावशींना पाकीट सापडलं. आलोचच्या एप्रनमध्ये! आत चांगल्या जाडजूड नोटा. मॅनेजरनं विचारलं, कुठून आले? हा गप्प. पेटीत का नाही टाकले? गप्प. कोणीतरी म्हणालं, खिडकीपाशी बसणाऱ्या काकांच्या बहिणीनं टिप ठेवली होती, त्यांना विचारा. म्हणून मला आत बोलावलं.

मी स्वच्छ सांगितलं. म्हटलं, बहिणीनं ठेवलेली नोट मी स्वतः उचलून परत दिली, सगळ्यांनी पाहिलंय. आजवर मी याला एक दमडी दिलेली नाही, माझं तत्त्व आहे ते. मॅनेजर म्हणाला, दुसरं काही देणंघेणं? मी म्हटलं, काडीचंही नाही. तो वेटर, मी गिऱ्हाईक. बस.

आलोचनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तेव्हाच मी ओळखलं. खोटं माप सापडलं की दुकानदार अशीच मान घालतो, आयुष्यभर बघितलंय मी. इतका विश्वास होता माझा त्याच्यावर! दोन मुली शाळेत आहेत त्याच्या. आता घरी बसवलाय. महिनाअखेरीला पेटी उघडायला सगळे जमतील तेव्हा ठरवणार आहेत, कायमचा काढायचा का ते. वाईट वाटतं, पण करणार काय? त्याच्या जागी एक नवा पोरगा येतो, त्याला सूप कुठल्या बाजूनं ठेवायचं हेही माहीत नाही.

आता तरी पटलं का?

भाऊ


११ फेब्रुवारी

अरे गाढवा,

ते पाकीट माझं होतं.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. नीट वाच आणि मधे कुठं थांबून तत्त्व आठवू नकोस.

मी तुझ्याकडे आले, आपण पहिल्यांदा तिथं जेवायला गेलो, तू हात धुवायला उठलास. आलोच पाणी ओतता ओतता म्हणाला, ‘काकांचा गुडघा आता कसा आहे? जिना चढायला जमतंय ना?’ मी म्हटलं, कुठला गुडघा? त्याचा चेहरा पांढरा पडला. सख्ख्या बहिणीला माहीत नसेल, हे कोणाच्या मनात येणार? मग मी त्याला सोडते होय! खोदून खोदून सगळं काढून घेतलं. तू जिन्यावरून पडलास. किती तरी आठवडे पडून होतास. रोज दुपारच्या सुट्टीत तो तीन जिने चढून तुझा डबा आणायचा, तुला धरून बाथरूमपर्यंत न्यायचा, औषध आणायचा. आणि तू मला फोनवर काय सांगत होतास? रोज फिरायला जातो! मी येऊन तुझ्या घराचा ताबा घेईन म्हणून लपवलंस ना? घेतलाच असता.

तू त्याला शपथ घातली होतीस, ताईला कळता कामा नये. तो रडकुंडीला आला. म्हणाला, मी सांगितलं हे काकांना कळू देऊ नका, ते पुन्हा माझ्याशी बोलायचे नाहीत. म्हणून मी काही बोलले नाही. जायच्या दिवशी तू गाडी बघायला गेलास, तेवढ्यात मी खाली हॉटेलात जाऊन त्याच्या हातात पाकीट ठेवलं. तो म्हणाला, आमच्याकडे सगळं पेटीत जातं. मी म्हटलं, पेटीबिटी काही नाही, हे तुझ्या जिन्यांचं आहे, आणि माझ्या भावाला कळलं तर बघ. आमच्या पार्लरमध्ये जिचं ती ठेवायची, मला काय माहीत पेटीत मावशीचा जीव अडकलेला असतो! शहाणपणा केला मी. भोगतोय तो.

म्हणजे त्याला तू एक शपथ घातलीस, मी दुसरी. आणि मॅनेजरनं विचारलं तेव्हा तू त्याच्यासमोर उभा राहून म्हणालास, काडीचं देणंघेणं नाही. तुला बाथरूमला नेणाऱ्या माणसासमोर! ठोंब्या, ती मान चोराची नव्हती रे. तुझी लाज वाटून घातली होती त्यानं.

पगार मालकानं द्यायचा, म्हणतोस ना? मग त्या आठवड्यांचा त्याचा मालक कोण होता?

जा आणि सगळ्यांसमोर सांग. तू गेला नाहीस तर मी येईन आणि सांगेन, आणि मग घराचा ताबाही घेईन.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

आधी एक सांगून ठेवतो, त्यानं शपथ मोडली ती मोडलीच. आणि तू माझ्या पाठीमागे माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस.

बाकीचं मला लिहिता येत नाही. महिनाअखेरीपर्यंत थांबायचं म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता. आज मॅनेजरला जाऊन म्हटलं, सगळ्यांना बोलवा, मला बोलायचंय. तो म्हणाला, जेवणाच्या वेळा संपल्या की शनिवारी या, स्वयंपाकघरात.

भाऊ


२२ फेब्रुवारी

ताई,

गेलो होतो.

इतकी वर्षं तिथं जेवतोय, पण त्या दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फरशी ओली, वाफेनं चष्मा धूसर, एकही खुर्ची नाही. ती माणसं दिवसभर बसत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. आचारी, झाडूवाला, वेटर सगळे उभे. मावशी कोपरापर्यंत ओल्या. आलोचलाही बोलावलं होतं, तो पिंपाशी उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

मी खिशातून तुझं पत्र काढलं. म्हटलं, हे वाचून दाखवतो. मावशी म्हणाल्या, ‘चिठ्ठ्याबिठ्ठ्या नकोत. तोंडानं सांगा.’

सांगितलं मग. पडलो, हा वर यायचा, बहिणीनं त्याबद्दल दिले, टिप नव्हती ती. पाणी हवं होतं, मागायची लाज वाटली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग साक्षीदाराला विचारावं तसं मला विचारायला लागल्या.

‘रोज वर यायचा?’

‘हो.’

‘मग तुम्ही काय दिलंत त्याला?’

‘काही नाही.’

‘काहीच नाही?’

‘नाही.’

‘आणि मॅनेजरसाहेबांना म्हणालात, माझं याचं काही देणंघेणं नाही?’

‘हो.’

मावशी आचाऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे आपण चुकीच्या माणसाला घरी बसवलं की!’

सगळे हसले. मॅनेजरसुद्धा. मला वाटलं होतं मला राग येईल, पण आला नाही. मावशी म्हणाल्या, जिन्याचे पैसे पेटीचे नव्हेत, आमचा त्यात वाटा नाही, पण पोरानं त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर आम्हाला त्याला चोर म्हणावं लागलं नसतं. त्यांना रडू आलं आणि त्या नळ सोडून भांड्यांकडे वळल्या. आलोच सोमवारपासून कामावर येणार आहे, पाकीट त्याला परत दिलं, घरी बसलेल्या दिवसांचा पगारही मॅनेजर देणार आहे.

मग बाहेर येऊन मी त्याला माझ्याकडून वेगळं पाकीट दिलं. मी घरून ठरवून गेलो होतो, तो नको म्हणेल, मी आग्रह करीन, डोळ्यांत पाणीबिणी येईल. कसलं काय! त्यानं सरळ घेतलं, खिशात घातलं आणि म्हणाला, ‘थँक्यू, साहेब.’

साहेब म्हणाला, ताई. आणि टेबलं बदलून घेतलीयत त्यानं. आता दारापाशी वाढणार. माझ्याकडे तोच नवा पोरगा येणार.

दिले नाहीत तेव्हा चूक होतो. दिले तर साहेब झालो. करायचं तरी काय माणसानं?

भाऊ


२८ फेब्रुवारी

ठोंब्या,

गेलास हे बरं केलंस. मी पत्र वाचून रडले आणि मग मावशींचं वाक्य आठवून एकटीच हसत बसले.

साहेब म्हणतो तर म्हणू दे काही दिवस. त्याच्या जागी मी असते तर आणखी काय काय म्हणाले असते. तू मात्र आता हात आखडू नकोस, रोज पेटीत टाकत जा, कोणाला न दाखवता. आणि कोणी तुझ्यासाठी काही केलं तर वेळच्या वेळी देऊन मोकळा हो. उशिरा दिलेल्या पैशांना वास येतो.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं ऐकलं आणि पुन्हा तोंडघशी पडलो. आता मात्र हद्द झाली.

मी रोज पेटीत टाकतो. आधी घडी करून टाकायचो, मग घडी नको वाटायला लागली, आता उघडी नोट टाकतो. तेही एक वेळ जमलं. पण गेल्या आठवड्यात गुडघ्यानं पुन्हा डोकं वर काढलं. हे मी तुला लगेच कळवतोय, याची नोंद घे. दोन दिवस खाली उतरलो नाही. घरात बिस्किटं होती, म्हटलं चालेल.

काल दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर आलोच, हातात डबा. धापा टाकत होता. म्हणाला, ‘मावशी म्हणाल्या, खिडकीचं टेबल रिकामं दिसतंय.’ एवढंच. आणि दारातच उभा राहिला.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि लगेच तुझं वाक्य आठवलं, वेळच्या वेळी. म्हटलं, ‘थांब हं, पाकीट आणतो.’ लंगडत कपाटाकडे गेलो. चावी सापडेना, ती उशीखाली निघाली. परत येतो तर डबा उंबऱ्यावर ठेवलेला आणि हा जिन्यात. हाक मारली, ‘अरे, पैसे!’ पावलं तेवढी वाजत गेली.

आता सांग! माझं काय चुकलं? आधी न दिल्याबद्दल तू मला गाढव म्हणालीस. आता दारात पैसे घेऊन उभा आहे तर घेणारा पळून जातो. कधी द्यायचे, कधी नाही, हे तू एकदा मला लिहून पाठव, मी भिंतीला चिकटवतो. डबा मी खाल्ला. सूप गरम होतं.

भाऊ


१३ मार्च

ठोंब्या,

कधी द्यायचे हे मी तुला लिहिलं, खरंय. पण दारात माणूस धापा टाकत उभा असला की आधी ‘आत ये’ म्हणायचं असतं, हे साठी उलटलेल्या भावाला शिकवावं लागेल असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी मंगळवारी येतेय. नाही म्हणू नकोस. आल्यावर तुझ्या गुडघ्याचं बघते.

तोवर थांबू नकोस. पत्र वाचून झालं की पाकीट कपाटातच ठेव, डबा घासून घे, कठडा धरून हळूहळू खाली उतर आणि डबा त्याच्या हातात दे. आणि एक विचार त्याला. दुपारची ती एवढीशी सुट्टी त्याला असते ती जेवायला. त्या वेळात तो रोज तुझं ताट घेऊन तीन जिने चढत होता. मग तो स्वतः जेवायचा कधी रे?

ताई